हातदाखला

"सर, हा रन कुणाचा, ओळखा बरं."

प्रतीक्षा लोहारने पिशवीतून स्टेनलेसच्या पाइपाचा वीतभर तुकडा काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. दुपारचे दोन वाजले होते आणि माझा ताकभात अर्धा राहिला होता. दुसरं कुणी असतं तर मी जेवू दे म्हणून ओरडलो असतो. पण तीस वर्षं आयटीआयत वेल्डिंग शिकवलेल्या माणसाला रन ओळखायला सांगणं म्हणजे मांजरापुढे दुधाचं भांडं ठेवण्यासारखं. मी डाव्या हाताने चष्मा चढवला आणि तुकडा खिडकीकडे धरला.

रन म्हणजे वेल्डिंगची एक सलग ओळ. नवख्याला सगळ्या ओळी सारख्या दिसतात. मला त्या अक्षरासारख्या वाचता येतात. ही ओळ सुरेख होती. बारीक खवले एका मापाचे, कडा सरळ, आणि संपताना अर्धं बोट मागे वळून आलेली.

"तुझा," मी म्हणालो. "हे शेपूट बघ की. दोन वर्षं बोंबललो मी, एवढं मागं येऊ नकोस, एवढं मागं येऊ नकोस. ऐकलंस कधी?"

ती हसली नाही. एरवी या शेपटावरून ती माझ्याशी कडाकडा भांडायची. मी नीट पाहिलं तर तिचा चेहरा उतरलेला होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत. अडीच महिन्यांपूर्वी मिरज रस्त्याला ती स्कूटीवरून पडली होती. मनगटाचा चुरा झाला होता, दोन ऑपरेशनं झाली, आणि दुसऱ्याच्या वेळी मी दवाखान्यात जाऊनही आलो होतो.

"पाइपावरची तारीख वाचा, सर."

रनच्या शेजारी बारीक अक्षरं कोरलेली होती. तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती.

"जुन्या पाइपावर कुणीतरी नवी तारीख टाकली असेल," मी म्हणालो.

"तसं न्हाई होत. रन संपला की मशीनच तारीख कोरतंय. काल कंपनीत गेलते, प्लास्टर पंधरा दिवसांत निघंल, कामावर कधी येऊ विचारायला. साहेब म्हणाले, घाई कशाला, आराम कर, काम चाललंय की. बाहेर पडताना भंगाराच्या डब्यात हा दिसला. मला वाटलं मला याड लागलं, सर. रात सरली तरी डोळा लागला न्हाई. माझा हात गळ्यात बांधलाय आणि माझा रन तिथं पडलाय."

मी भातावरून हात उचलला. पुन्हा तुकडा पाहिला, भिंग आणून पाहिला. खवल्यांमधलं अंतर, पाचव्या-सहाव्या खवल्याला येणारा तो बारीकसा दम, ते शेपूट. आईने लेकराचा आवाज ओळखावा इतक्या खात्रीने मी सांगू शकत होतो की हा रन प्रतीक्षाचाच होता. आणि तो तिने मारलेला असणं शक्यच नव्हतं.

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो.

*

माझं नाव रंगनाथ शेटे. आमच्या तालुक्याच्या आयटीआयत वेल्डिंगचा निदेशक होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. मी शिस्तीचा खडूस म्हणून प्रसिद्ध. माझ्या वर्गात एक रीत होती. वेल्डिंगची टॉर्च पेटवण्याआधी प्रत्येकाने समोरच्या जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला, हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. ज्याला देव आठवायचा त्याने देव आठवावा, नसेल त्याने एक श्वास सोडावा. पण लोखंडाला आधी नमस्कार आणि मग विस्तव. श्वास सुटला की हात स्थिरावतो, हे त्यातलं खरं कारण. मुलं आधी हसत आणि महिन्याभरात विसरून आपोआप करू लागत.

कागदी दाखल्यांवर माझा फार जुना राग. २०३१ साली बाबू कोळी नावाचा माझा विद्यार्थी एका कारखान्यात हवेच्या टाकीशेजारी उभा असताना ती टाकी फुटली. टाकीला जोड मारणाऱ्याकडे रीतसर दाखला होता, शिक्का होता, सही होती. ती सही माझी होती, म्हणजे माझ्यासारखी होती. कुणीतरी छापखान्यात बसून गिरवली होती. बाबूच्या आईसमोर मी तासभर बसलो.

म्हणून २०३८ साली सरकारने कागदी दाखले बंद करून हातदाखला आणला तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला. याची तयारी पाच वर्षं आधीपासून चालली होती. मुलांना शिकताना खास हातमोजे दिले होते. माणूस हात कितीही स्थिर धरो, तो सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरतो, आणि प्रत्येकाची थरथर निराळी असते. मोज्यातले संवेदक ती थरथर टिपत. हेल्मेटमधला छोटा कॅमेरा वितळलेल्या धातूचं डबकं पाहत असे. डबकं रुंदावलं तर या मुलीने काय केलं? टॉर्च तिरपी केली, की वेग वाढवला, की तार पुढे सरकवली? फट वाकडी आली तर किती क्षण थांबली? अशा प्रत्येकाच्या तीन-चार हजार रनांमधून एक गणित तयार होई. डोळ्याला हे दिसलं की हा हात हे करतो, असं ते गणित.

ते गणित म्हणजेच दाखला. फोनमध्ये मावायचा. कंपनीच्या गेटवर मोजा घालायचा, बोटभर रन मारायचा, गणिताशी जुळला की हिरवा दिवा. खोटे दाखले छापणाऱ्यांचा धंदा एका दिवसात बसला. मी गावोगावच्या सभांत सांगायचो, "सही गिरवता येते, थरथर गिरवता येत नाही!" या वाक्याला हमखास टाळ्या पडत.

आमच्या संस्थेने दाखल्यांच्या रूपांतरात जिल्ह्यात पहिला नंबर मिळवला. माझ्या दोनशे सदतीस मुलांचे कागदी दाखले मी गोळा केले, नियमाप्रमाणे प्रत्येकाला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडली आणि लगद्याला पाठवून दिले. 'शंभर टक्के रूपांतर' अशी पितळी पाटी मला मिळाली. ती आमच्या बैठकीत लावलेली आहे, म्हणजे तेव्हा होती. प्रतीक्षा पाइपाचा तुकडा घेऊन बसली होती ती बरोबर त्या पाटीखाली.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कुपवाडच्या एमआयडीसीत तिच्या कंपनीत गेलो. दूध डेअऱ्यांसाठी स्टेनलेसच्या नळ्या जोडायचं काम. मला वाटलं होतं गेटवरच अडवतील. उलट ओजस पाटणकर नावाचे तरुण मॅनेजर स्वतः बाहेर आले आणि माझ्या पाया पडले.

"सर, तुम्ही यायलाच हवं होतं. तुमच्या संस्थेचे हात म्हणजे आमचा कणा आहे. आणि प्रतीक्षाताई, तुम्ही तर आमच्या नंबर एक."

त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी काही नव्हती. ते आम्हाला एखादं नवं घर दाखवावं तशा उत्साहाने आत घेऊन गेले. प्रतीक्षाच्या जुन्या विभागात माणूस नव्हता. लांबलचक टेबलामागे छताला टांगलेले सहा यांत्रिक हात होते, आणि प्रत्येकापुढे एक नळी चिमट्यात पकडून ठेवलेली. तीन वाजले. भोंगा झाला.

सहाही हात एकदम खाली आले. सहाही हातांनी समोरच्या नळीला अलगद स्पर्श केला. मग ते वर उठले, आतल्या बाजूला वळले, आणि साधारण पाच फुटांवर हवेत क्षणभर थांबले. तिथं कपाळ नव्हतं. तिथं काहीच नव्हतं.

मग ते खाली आले आणि वेल्डिंगचे सहा आर्क पेटले.

प्रतीक्षाकडे पाहिलं, तर तिचा डावा हात आपोआप कपाळापर्यंत गेला होता आणि तिथंच राहिला होता. ती इतकी पांढरीफटक पडली होती की मी तिला खुर्ची ओढून दिली. ती बसली नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हा प्रतीक्षाताईंचा हातदाखला," पाटणकर म्हणाले. "सरळ जोड मारणारी यंत्रं आपल्याकडे पन्नास वर्षांपासून आहेत, सर. अडचण वाकड्या जोडांची. नळीची फट कुठे कमी, कुठे जास्त. तिथं माणूसच लागायचा, कारण फट पाहून काय करायचं ते त्याच्या हाताला माहीत. मग आमच्या लोकांच्या लक्षात आलं की गेटवर हा दाखला करतो काय? प्रतीक्षाताईंचा हात पुढच्या क्षणी काय करेल ते आधी ओळखतो आणि प्रत्यक्ष हाताशी ताडून पाहतो. पुढच्या क्षणी काय करायचं हे ज्याला कळतं, त्याला नुसता तपासायलाच कशाला ठेवायचा? त्याला एक हात दिला की झालं."

"आणि तो नमस्कार?" प्रतीक्षाने विचारलं.

पाटणकर ओशाळून हसले. "ते आम्ही काढून पाहिलं होतं. वेळ जातो उगाच. पण ते काढलं की पहिल्या रनमध्ये भोकं पडतात. तुमच्या नोंदीत हात तिथूनच स्थिर व्हायला लागतो. म्हणून राहू दिलं. लोकांना आवडतंही, पाहुणे व्हिडिओ काढतात."

मी भडकलो. तिथं टेबलावर हात आपटून जे बोललो ते सगळं लिहिता येणार नाही. पोरीच्या अंगातली कला चोरली, तिला न विचारता सहा ठिकाणी जुंपली, मी वकील करीन, पेपरात देईन, तुम्हाला कोर्टाची पायरी दाखवीन, असं बरंच काही. पाटणकरांनी भिंतीवरचा पडदा लावला.

"संमतीशिवाय आम्ही नोंद उघडूच शकत नाही, सर. ही पाहा."

पडद्यावर प्रतीक्षाचं नाव होतं. खाली एक ओळ होती: 'माझ्या हस्तनोंदीचा प्रमाणीकरण व अनुषंगिक कामांसाठी वापर करण्यास माझी संमती आहे.' पुढे 'हो'. तारीख चौदा ऑगस्ट, वेळ अकरा बेचाळीस. ठिकाण, आमच्या आयटीआयची संगणक खोली.

"चौदा ऑगस्टला मी आयटीआयत नव्हतेच," प्रतीक्षा म्हणाली. "आईला घिऊन मिरजेच्या दवाखान्यात होते."

"पण तुमच्या फोनवर आलेला सहा आकडी क्रमांक टाकलेला आहे," पाटणकर म्हणाले. "आणि हो, एक गंमत आहे. त्या दिवशी त्याच टेबलावरून एकोणीस मिनिटांत अठ्ठेचाळीस संमती गेल्यात."

प्रतीक्षा हळूहळू माझ्याकडे वळली. तिला आठवत होतं. मलाही आठवत होतं.

"सर," ती म्हणाली, "तुमीच फोन केलासा. 'तो सहा आकडी नंबर आलाय बघ, सांग गं पटकन, साइट बंद पडंल.' मी डॉक्टरांच्या दारात उभी हुते. मी सांगितला."

*

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आमच्याकडे कुठलाही फॉर्म मुलं स्वतः भरत नाहीत. शिष्यवृत्तीचा असो, एसटीच्या पासाचा असो, विम्याचा असो, मास्तर सगळ्यांचे फोन टेबलावर मांडतो आणि एका बैठकीत उरकतो. मुलांना साइट उघडता येत नाही, कुणाच्या गावात रेंज नसते, कुणी चुकीचं नाव टाकतो आणि मग तीन महिने हेलपाटे. मी ते मायेने करायचो. त्यात थोडी घाईही असायची आणि थोडा माझा तोराही.

त्या दिवशी त्या ओळीपुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. 'हो' म्हटलं तर दाखला त्याच दिवशी. 'नाही' म्हटलं तर सहा आठवडे थांबा आणि स्वतंत्र सुनावणीला हजर राहा. पंधरा ऑगस्टला पाटीचा समारंभ होता. मी पहिल्या मुलाची ओळ वाचली. 'अनुषंगिक' या शब्दाशी क्षणभर थांबलो सुद्धा. मग 'हो' दाबलं, आणि पुढच्या मुलांच्या वेळी वाचलंही नाही. बाकीच्या तुकड्याही मी रात्रीपर्यंत अशाच उरकल्या.

म्हणजे बनावट सहीवर दात खाणाऱ्या माणसाने दोनशे सदतीस बनावट सह्या केल्या होत्या. कंपनीवर मी टेबल आपटत होतो, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मारत होतो.

परतताना रिक्षा केली. घरापाशी उतरताना प्रतीक्षाने पाइपाचा तुकडा माझ्या हातात दिला.

संध्याकाळी तिचे वडील आले. श्रीपती लोहार, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बसस्टँडमागे अजून भाता चालवणारा. आम्ही एकमेकांना पस्तीस वर्षं ओळखतो. नेहमी तो चपला काढून थेट स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोकडे चहा मागतो. त्या दिवशी तो दारातच उभा राहिला.

"मास्तर, पोरगी म्हणती त्ये खरं हाय?"

"खरं आहे."

"माज्याकडं कंदी कागूद नव्हता. तुमीच सांगिटलंसा, श्रीपती, पोरीला तरी कागूद पायजे, आयटीआयला घाल. मी घातली. शिकवायला तुमच्या हवाली केली हुती. हात काढून कुनाला द्या म्हून न्हवं."

"श्रीपती, माझी चूक झाली."

"चूक," तो म्हणाला. त्याने त्या पितळी पाटीकडे पाहिलं. "माजा हात माज्यासंगं सरणावर जाईल. तिचा तिच्या आदीच कुटं गेला, आनि जाताना तिला सांगून बी गेला न्हाई."

चहा न घेता तो निघून गेला. मी स्टुलावर चढलो आणि पाटी उतरवली. भिंतीवर तिच्या मापाचा स्वच्छ चौकोन उरला होता.

*

सांगलीला दाखल्यांच्या कार्यालयात एक शांत स्वभावाच्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"शेटे सर, तुम्ही हे लेखी दिलंत तर संमत्या रद्द होतील. पण साक्षीदार म्हणून या सगळ्या दाखल्यांना तुमचीच डिजिटल सही, म्हणजे किल्ली, आहे. तीही रद्द होईल. दोनशे सदतीस दाखले स्थगित. प्रत्येकाला पुन्हा परीक्षा. कागदी दाखले तर आता नाहीतच. विचार करून या."

विचार करायला मी तीन दिवस घेतले, हे कबूल करतो. माझी मुलं कुठे कुठे होती. कुणी पुण्यात, कुणी मस्कतला, एकीचं नुकतंच लग्न ठरलं होतं ते नोकरीवरून. त्यांच्यातल्या बहुतेकांना आपला हात कुठं राबतोय याची गंधवार्ता नव्हती, आणि काहींचे हात तर अजून कुणी उचललेही नसतील. गप्प बसलो तर कुणाचं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. मग जेवायला बसलो की तो तुकडा आठवायचा. चौथ्या दिवशी लेखी दिलं.

पुढचे दोन आठवडे माझा फोन तापलेला राहिला. शिव्या खाल्ल्या. मस्कतवाला रडला. एक जण म्हणाला, "सर, तुमाला कुणी सांगितला हुता शाणपना?" तरी एकेक जण गावाकडे येऊन परीक्षा देऊ लागला. या वेळी प्रत्येकाने ती ओळ स्वतः वाचून स्वतः बोट लावलं. बहुतेकांनी 'नाही' लिहिलं. काहींनी समजून उमजून 'हो' लिहिलं, तो त्यांचा हक्क.

प्रतीक्षाचं तसं नव्हतं. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट अर्धंच वळत होतं. हात हवेत धरला की बोटं ताडताड उडत. डॉक्टर म्हणाले, रोजचं सगळं करेल, पण पहिल्यासारखा होणार नाही.

अधिकारी बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं. "तुमची नोंद आता फक्त तुमची आहे. ती राखून ठेवली तरी गेटवर तुमचा हात तिच्याशी जुळणार नाही. म्हणजे ती फक्त यंत्राच्या उपयोगाची. तुम्ही स्वतः 'हो' म्हणालात तर कंपनी तुम्हाला हजेरीपटावर ठेवायला तयार आहे. काम करायची गरज नाही. नाहीतर नोंद पुसायची. पुसली तर तो हात जगात कुठेच राहणार नाही."

घरात आजारी आई, बापाचं वय झालेलं. तिने 'हो' म्हटलं असतं तर मी तिला एका शब्दाने दोष दिला नसता. आतून मला तेच हवं होतं, कारण मग माझं पाप थोडं हलकं झालं असतं.

"मला आधी तो हात बघायचाय," ती म्हणाली. "जवळनं."

प्रतीक्षाचा निर्णय होईपर्यंत कंपनीचा तो विभाग बंद होता. बाईंच्या देखत पाटणकरांनी एकच यंत्र चालू केलं, अगदी मंद गतीवर. यंत्राचा हात खाली आला, नळीला शिवला, वर जाऊन थांबला. प्रतीक्षा पुढे झाली आणि तिने आपला वाकडा उजवा पंजा त्या धातूच्या मनगटावर ठेवला. आर्क पेटला. मी वेल्डिंगची काळी काच तिच्या डोळ्यांपुढे धरली. यंत्र चालत होतं आणि तिचा हात त्याच्यावर बसून चालत होता. फट रुंद झाली तिथं ते दोघं थांबले. पाचव्या खवल्याला दम घेतला. शेवटी अर्धं बोट मागे आले.

प्रतीक्षा ओक्साबोक्शी रडायला लागली.

"बरोब्बर आहे, सर," ती म्हणत होती. "शेपटासकट. मीच आहे. मीच आहे ती."

पाटणकरांनी मान खाली घातली. मग प्रतीक्षाने ओढणीने डोळे पुसले, बाईंच्या हातातला टॅब घेतला, आणि डाव्या अंगठ्याने 'पुसा' दाबलं. यंत्र जागच्या जागी थांबलं.

आम्ही गेटपर्यंत पोचतो तोवर त्यांनी सहाही यंत्रांत दुसऱ्या कुणाचा तरी हात चढवला होता. विभागाच्या खिडकीतून दिसत होतं. हात खाली आले आणि थेट आर्क पेटले. त्या हातांनी नमस्कार केला नाही.

*

महिन्याने एका सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली.

"सर, डाव्या हातानं शिकता येतं?"

"येतं. वेळ लागेल."

"लागू दे. पण मोजा न्हाई घालणार."

"बघणाराही दुसरा कुणी नसेल," मी म्हणालो. "परीक्षेचं नंतर बघू."

परसात माझा आर्गॉन वायूवर चालणारा जुना वेल्डिंग सेट होता. मी धूळ पुसली, सिलिंडर जोडला, टेबलावर स्टेनलेसची एक पट्टी ठेवली. तिने काच डोक्यावर चढवली. डाव्या हातात टॉर्च, उजव्या थरथरत्या चिमटीत तार. पहिल्या दिवशी वर्गात आली होती तेव्हासुद्धा ती इतकी अवघडलेली नव्हती. मी सवयीने म्हणालो, "हं. आधी नमस्कार."

ती हलली नाही.

"तो नको, सर," ती म्हणाली. "तो केला की मला ती सहा यंत्रं दिसत्यात."

तीस वर्षांत माझ्या वर्गात नमस्काराशिवाय टॉर्च पेटली नव्हती. शेवटी मीच पुढे झालो, वाकून तिच्या पट्टीला हात लावला आणि कपाळाला नेला. तिच्या वतीने.

प्रतीक्षाने काच वर केली. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"सर, तुमी मोजा न्हाई ना घातला?"

मी दोन्ही हात तिच्यापुढे केले. तिने टॉर्च खाली ठेवली, माझे तळवे पाहिले, पालथे करून पाहिले, बोटांची पेरं दाबून पाहिली. नीट खात्री करून घेतली. मग काच खाली ओढली आणि आर्क पेटवला.